सर्कल घालायचं की नाही? आपल्या जंक्शनवर उभं राहून ठरवण्याची रीत

अपघात झाला की आठवड्याभरात निवेदन तयार होतं आणि त्यात मागणी दोनपैकी एकच असते: गतिरोधक, नाहीतर सर्कल. ग्रामसभेत कुणीतरी उठून म्हणतो, "हांगा सर्कल जाय," म्हणजे इथे सर्कल हवं, टाळ्या पडतात, आणि चर्चा लगेच सर्कलच्या मध्यावर जाते. पुतळा कोणाचा, कारंजं की बाग, फित कोण कापणार. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. सर्वेक्षणाच्या कामात तीसेक वर्षं टेप आणि खडू घेऊन रस्त्यावर उभा राहिलोय. मधल्या गोलाबद्दल जितकं बोललं जातं त्याच्या दहावा हिस्साही त्याच्या तोंडांबद्दल, म्हणजे रस्ते गोलात शिरतात त्या जागांबद्दल, बोललं जात नाही. सर्कल चालतं की अडतं ते मात्र तोंडाशीच ठरतं. येणारी गाडी तिथे हळू होते का? आत फिरणाऱ्या गाडीला वाट देते का? आणि तिला शिरायला फट मिळते का?

ही रीत पंच, नगरसेवक, शाळेची पालक समिती, बाजारातले दुकानदार अशा कुणालाही वापरता येईल. चार-पाच माणसं, एक घड्याळ, वह्या, तीस मीटरची टेप आणि चुन्याची फक्की एवढं सामान पुरतं.

आधी दुखणं काय ते लिहून काढा

जंक्शनवर गाड्या तुंबतात, गाड्या सुसाट येतात आणि गाड्या एकमेकींवर आदळतात, ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींवर एकच औषध नसतं.

पोलिसांकडून गेल्या तीन वर्षांतल्या अपघातांची माहिती मागा, माहिती अधिकारात अर्ज करावा लागला तरी चालेल. पण तेवढ्यावर थांबू नका. नोंद न झालेल्या धडका कोपऱ्यावरच्या गाड्यावाल्याला, टायरवाल्याला आणि स्टँडवरच्या पायलटांना पाठ असतात. मोटारसायकलवरून भाडं नेणारा पायलट दिवसभर तिथेच बसलेला असतो. "कोण कुठून येत होता, कुठे वळत होता?" एवढंच विचारा आणि एका कागदावर बाण काढत जा.

बाण एकमेकांना काटकोनात छेदत असतील, किंवा उजवीकडे वळणारा समोरच्याला आडवा गेला असेल, तर तिथे सर्कलला अर्थ आहे. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात. एकपदरी सर्कलमध्ये ती ठिकाणं ८ उरतात, आणि समोरासमोरची किंवा काटकोनी धडक जवळजवळ संपते. तिठ्यावर फायदा कमी, ९ वरून ६. त्यामुळे तिठ्यावर सर्कल मागताना जरा जास्त कारणं लागतात. पण अपघात मागून ठोकण्याचे असतील, रस्त्यावर लावलेल्या गाड्यांमुळे होत असतील किंवा रस्ता ओलांडणाऱ्या माणसांचे असतील, तर सर्कल घालूनही बाण तिथेच राहतील.

अमेरिकेत २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिग्नल किंवा थांबा-फलक काढून सर्कल केलेली २३ जंक्शनं त्यात तपासली होती. एकूण अपघात सुमारे ४० टक्के आणि जखमी होण्याचे अपघात सुमारे ८० टक्के कमी झाले होते. आकडा मोहात पाडणारा आहे, पण तो आपल्या निवेदनात तसाच चिकटवू नका. ती चारचाकी गाड्यांची वाहतूक होती. गोव्यात दर दहा वाहनांत जवळपास सात दुचाक्या असतात, आणि ओल्या वळणावर दुचाकी घसरायला सर्कलचा गोल पुरेसा असतो.

जागा आणि उतार

टेप काढा. एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत, म्हणजे अख्खा डांबरी गोल मावायला किती व्यास मिळतो ते मोजा. साधारण १३ ते २७ मीटरमध्ये फक्त छोटं सर्कल बसतं. त्याचा मधला गोल बुटका ठेवावा लागतो, कारण मोठ्या गाडीचं मागचं चाक त्याच्यावरून जाणारच. २७ ते ५५ मीटरमध्ये नेहमीचं एकपदरी सर्कल मावतं. दोनपदरीला ४५ मीटरच्या पुढे जावं लागतं. आपल्या बाजारपेठांतली बहुतेक जंक्शनं पहिल्या गटात पडतात, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र पणजीचं दिवजा सर्कल असतं. घोळ इथूनच सुरू होतो.

उतार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंडियन रोड्स काँग्रेसचा सर्कलविषयीचा दस्तऐवज, आयआरसी ६५, सपाट जागाच पसंत करतो. कलती जागा असली तर ५० ला १ पेक्षा जास्त कल नको असं म्हणतो. २५ मीटरच्या गोलाला ५० सेंटीमीटर झाले. गवंडी पाया आखताना पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, तीच दोन टोकांना धरा, फरक लगेच कळतो. गोव्यात अर्धे रस्ते चढणीवर आणि अर्धे खाजनाच्या बांधावर. चढणीवरच्या जंक्शनवर सर्कल घातलं तर उतरणारी गाडी आत शिरताना ब्रेकवर असते, चढणारी क्लचवर असते, आणि वाट कुणीच देत नाही.

जागा कमी पडत असेल तर ती कोणाची ते पाहा. कोमुनिदादीची (गावच्या सामूहिक जमीन-संस्थेची) असेल, जुन्या घराचं कुंपण असेल, कोपऱ्यावर घुमटी किंवा खुरीस (क्रूस) असेल. झाड असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. खाडीकाठ असेल तर किनारी नियमन क्षेत्राचा प्रश्न येतो. घुमटी हलवून सर्कल घालण्याची योजना मी तरी सुरळीत पार पडलेली पाहिलेली नाही. तिला आहे तिथे ठेवून नकाशा जमतो का ते बघा, नसेल तर दुसरा उपाय शोधा.

मोजणी, आणि ती गोव्याच्या घड्याळाप्रमाणे

यात आळस केला तर पुढचं सगळं वाया.

पुस्तकात सकाळची आणि संध्याकाळची गर्दी मोजा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे तिसरी गर्दी दुपारची. शाळा सुटतात, दुकानं बंद होतात, माणूस जेवायला आणि आडवं व्हायला घरी निघतो. साधारण पाऊण ते पावणेदोनच्या वेळेत काही जंक्शनं सकाळपेक्षा जास्त तुंबतात, आणि तीनला तिथे कुत्रं झोपलेलं असतं. तेव्हा सकाळी ८ ते १०, दुपारी १२.३० ते २ आणि संध्याकाळी ५ ते ८ मोजा.

दिवस निवडतानाही भान ठेवा. एक मंगळवार किंवा बुधवार हवाच. म्हापशात शुक्रवारच्या बाजाराचा दिवस वेगळा मोजा. किनारी भागात डिसेंबर आणि जुलै ही दोन वेगळी गावं असतात. जुन्या गोव्याच्या बाजूला ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या, किंवा कुठेही शिगमो-कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी मोजून आराखडा करू नका. त्या दिवशी पोलीस लागतातच आणि लागणारच. जवळ फेरीचा धक्का असेल तर गाड्या सुट्या सुट्या येत नाहीत. रायबंदरला चोडणची फेरीबोट लागली की सगळं एकदम उतरतं, मग दहा मिनिटं शांतता. तासाची सरासरी अशा ठिकाणी फसवते, म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांचे कप्पे करा.

प्रत्येक तोंडावर एक माणूस. वहीत तीन रकाने: डावीकडे, सरळ, उजवीकडे. प्रत्येकात पुन्हा तीन: दुचाकी; गाडी-रिक्षा-पिकअप; बस-ट्रक. मुलांनी गमतीत मोजायला घेतलं तर पहिल्या तासात हमखास चुकतात, तो तास सराव समजून टाकून द्या.

मग सगळं एका मापात आणा. आयआरसीच्या जुन्या सर्कल-नियमांत गाडी, रिक्षा आणि हलकं मालवाहू १, बस-ट्रक २.८, मोटारसायकल-स्कूटर ०.७५, सायकल ०.५ असं वजन दिलंय. समजा बसस्थानकाच्या तोंडातून गर्दीच्या तासात ४२० दुचाक्या, १९० गाड्या-रिक्षा आणि १५ बसगाड्या येतात. ३१५ अधिक १९० अधिक ४२, म्हणजे ५४७ एकक.

बेरीज कुठे करायची

१९७६ च्या नियमात एक ढोबळ मर्यादा होती: सगळ्या तोंडांची मिळून तासाला ३,००० च्या वर वाहतूक असेल तर सर्कल नको, आणि ५०० च्या खाली असेल तर गरज नाही. हा दस्तऐवज २०१७ मध्ये सुधारला गेला, पण कार्यालयांत ३,००० चा आकडा अजून ऐकू येतो. तो पहिल्या चाळणीला ठीक आहे. त्याने फसगत कशी होते ते एका काल्पनिक चौकावर दाखवतो.

चार तोंडं: उत्तरेला बाजार, पूर्वेला शाळा, दक्षिणेला बसस्थानक, पश्चिमेला महामार्ग. आपल्याकडे सर्कलमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून तोंडाशी उभ्या असलेल्या चालकाला अडवणारी गाडी नेहमी त्याच्या उजव्या हाताने येते. गर्दीच्या तासात बाजाराकडून ४८०, शाळेकडून ३००, बसस्थानकाकडून ५४७ आणि महामार्गाकडून ६०० एकक आत येतात. एकूण १,९२७. तीन हजारांच्या कितीतरी खाली, सभेत सगळे खूश.

आता प्रत्येक तोंडासमोरून किती गाड्या आडव्या जातात ते काढा. बसस्थानकासमोरून शाळेहून महामार्गाकडे जाणाऱ्या १८०, शाळेहून बाजाराकडे ६० आणि बाजारातून महामार्गाकडे वळणाऱ्या १४० जातात. झाल्या ३८०. बसस्थानकाच्या स्वतःच्या ५४७ मिळवा, ९२७. बाजाराच्या तोंडासमोरून महामार्गाहून शाळेकडे २३०, महामार्गाहून बसस्थानकाकडे ३३० आणि बसस्थानकाहून शाळेकडे १५० जातात, म्हणजे ७१०. बाजाराच्या ४८० मिळवल्या की १,१९०.

अमेरिकी मार्गदर्शिकेतला आडाखा असा: शिरणाऱ्या आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांची बेरीज तासाला १,००० च्या आत असेल तर एकपदरी तोंड बहुधा पुरतं. १,००० ते १,३०० मध्ये बारकाईने हिशेब करा. त्याच्या वर दोन पदर लागतात. आपल्या चौकात बाकीची तीन तोंडं हजाराच्या आत राहतात, फक्त बाजार अडकतो. गंमत अशी की बाजाराचं तोंड सर्वांत गजबजलेलं नाही. बसस्थानक आणि महामार्ग दोन्हीकडून त्याच्यापेक्षा जास्त गाड्या येतात. बाजाराला मारतात त्या महामार्गाहून उजवीकडे बसस्थानकाला जाणाऱ्या ३३०.

हा आकडा हातात आला की चर्चाच बदलते. बसस्थानकाला मागच्या बाजूने प्रवेश देता येईल का? बाहेरगावच्या बसना दुसरं वळण देता येईल का? ३३० पैकी २०० वळवल्या तर बाजाराची बेरीज ९९० होते, आणि कदाचित सर्कलचीच गरज राहत नाही. मोजणीचा खरा फायदा बऱ्याचदा हा असतो.

तोंडांमध्ये फार असमतोल असेल तर थांबा. एका बाजूने महामार्गाचा अखंड लोंढा आणि आडवा एक वाड्याचा रस्ता, अशा जागी लोंढ्यात फट पडत नाही आणि वाड्यातला माणूस तोंडाशी म्हातारा होतो. तिथे सिग्नल किंवा दुभाजकातली वेगळी रचना बरी. सर्कल शोभतं ते चारही बाजूंनी साधारण बरोबरीची वाहतूक आणि भरपूर उजवी वळणं असलेल्या ठिकाणी.

पुढचा अडथळा

सर्कलमधून बाहेर पडलेली गाडी पुढे कुठे थांबते? बाहेर पडल्या पडल्या मिनीबस प्रवासी भरत उभी असेल, पुढे सिग्नल किंवा रेल्वे फाटक असेल, तर रांग मागे येते, सर्कलच्या पोटात शिरते, आणि चारही तोंडं एकाच वेळी गच्च होतात. साध्या चौकात एक रस्ता तुंबला तर एकच तुंबतो. गर्दीच्या वेळी सर्वांत लांब रांग कुठपर्यंत येते ते खडूने रस्त्याकडेला खूण करून ठेवा. खूण सर्कलच्या जागेपर्यंत पोचत असेल तर आधी बसथांबा हलवा.

वाट कोण देणार

जुनी सर्कलं जगभर तुंबायची, कारण आत येणाऱ्याला पहिला मान असायचा. १९६६ मध्ये ब्रिटनने नियम उलटा केला, आत फिरणाऱ्याला मान दिला, आणि तीच सर्कलं चालू लागली. पॅरिसच्या विजय कमानीभोवती अजून जुनाच नियम आहे, तिथली गाडी चालवणं कसं असतं ते तिथे गेलेल्यांना विचारा. आपल्याकडे २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमांनुसार आत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं असतं. कागदावर. प्रत्यक्षात मोठी गाडी आधी जाते आणि भाड्याच्या स्कूटरवरचा पाहुणा मधोमध उभा राहून गूगलचा नकाशा बघतो.

म्हणून नियमावर नव्हे, आकारावर भिस्त ठेवा. सुतळी घ्या, मध्यावर खिळा ठोका, फक्कीने गोल आखा. मग येणाऱ्या रस्त्यावर उभं राहून बघा: स्टिअरिंग न वळवता सरळ पलीकडे जाता येतं का? येत असेल तर ते सर्कल नाही, रस्त्यात ठेवलेली कुंडी आहे. तोंडाशी गाडी डावीकडे वळावीच लागली पाहिजे, आणि वेग तीसच्या आसपास आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक तोंडाला छोटा त्रिकोणी दुभाजक लागतो. तोच नेमका खर्च वाचवायला गाळला जातो.

बारा मीटरची कदंबची (राज्य परिवहनाची) बस, टिप्पर आणि अग्निशामक बंब फिरतो का तेही याच फक्कीवर बघा, बंबवाले विनंती केली की येतात. मागचं चाक जिथून जातं तेवढा मधल्या गोलाचा काठ किंचित उंच पण चालण्याजोगा करा. तिथे चिरा (जांभा दगड) वापरू नका, पहिल्या पावसाळ्यात टिप्परखाली त्याचा भुगा होतो. काळा दगड किंवा काँक्रीट वापरा. गटार बाहेरच्या कडेला घ्या आणि पाणी मधल्या गोलाशी साचणार नाही असा ढाळ द्या. दुचाकीवाल्यासाठी साचलेल्या पाण्यापेक्षा त्याखालचा चिखल आणि पाला जास्त घातक.

चालणारा माणूस

सर्कलमध्ये गाड्या कधीच पूर्ण थांबत नाहीत, हे त्याचं कौतुक आहे आणि दोषही. शाळा, बाजार, देऊळ किंवा चर्च जवळ असेल तर ओलांडणाऱ्यांचीही मोजणी करा, म्हातारे आणि मुलं वेगळी. झेब्रा पट्टा तोंडाच्या रेषेवर न मारता एक गाडी मागे, सहाएक मीटरवर हवा, म्हणजे आत शिरायला थांबलेल्या गाडीच्या मागून माणूस जाऊ शकतो. त्रिकोणी दुभाजकात दोन मीटर रुंद जागा सोडली की एका वेळी एकच बाजू बघून ओलांडता येतं. एवढी जागा नसेल आणि ओलांडणारे खूप असतील, तर पादचाऱ्यांच्या टप्प्यासह सिग्नल घ्या. अंध माणसासाठी सर्कल अवघड आहे, गाड्यांच्या आवाजावरून फट ओळखता येत नाही.

पुतळ्याबद्दल इथेच सांगून टाकतो. मधल्या गोलात काही उंच असणं चालकाच्या फायद्याचं असतं, पलीकडचं दिसलं नाही की तो आपोआप हळू होतो. पण पुतळा म्हणजे वर्षातून दोनदा हार घालायला वाहत्या गाड्यांतून शंभर माणसं जाणार. झुडपं लावा.

बांधण्याआधी करून बघा

वाहतूक पोलीस आणि रस्त्याच्या मालक खात्याची लेखी परवानगी घेऊन दोन-तीन आठवडे वाळूच्या पोत्यांचं किंवा प्लास्टिकच्या पिंपांचं सर्कल करा. रात्री चमकणाऱ्या पट्ट्या आणि दिवा हवाच, पहाटे किनाऱ्यावरून परतणाऱ्यांना पिंपं दिसत नाहीत. पहिल्या आठवड्याचे आकडे टाकून द्या, लोक गोंधळलेले असतात. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच वेळांना मोजा.

एक खूण बघा. गर्दीच्या वेळी पोलीस मध्ये उभा राहून हाताने एकेक तोंड थांबवत असेल, तर तुमचं सर्कल नापास झालंय. त्याने त्याचा सिग्नल केलाय. हे रोज घडत असेल तर खरा सिग्नलच मागा. चाचणी शक्यतो मे महिन्याच्या शेवटी ठेवा, म्हणजे पहिल्या पावसाच्या दोन-चार रात्रीही त्यात येतात.

कागद कोणाकडे

रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर अर्ज सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे जातो, बाकीचे मोठे रस्ते त्याच खात्याच्या रस्ते विभागाकडे, आणि गल्लीबोळ पालिका किंवा पंचायतीकडे. जागा घ्यायची असेल तर नगर नियोजनाच्या आराखड्यात तिथे रस्त्याची किती रुंदी दाखवलीय ते आधी बघा. पाण्याची वाहिनी, मलनिस्सारण आणि विजेच्या केबल यांचे नकाशे त्या त्या खात्यांकडून मागवा. खणल्यावर सापडलेली वाहिनी सहा महिने खाते.

अर्जाला बाणांचा कागद, मोजणीच्या तक्त्याची एक प्रत, तोंडवार बेरीज, फक्कीच्या गोलात वळणाऱ्या बसचा फोटो आणि चाचणीपूर्वीच्या व नंतरच्या रांगांच्या खुणा जोडा. पुतळ्याचा ठराव सोबत जोडू नका. तो वेगळ्या कागदावर, वेगळ्या सभेत.